मोटारगाडीच्या गंजलेल्या पत्र्याची दुरुस्ती

जुन्या मोटारगाडीच्या तळाचा व बाजूंचा गंजाने क्षीण झालेला पत्रा कापून तेथे नवा पोलादी पत्रा सांधण्याची क्रिया. धाराशिव जिल्ह्याच्या कोरड्या हवेत पत्रा कोकणातल्यापेक्षा सावकाश गंजतो; परंतु मुंबईत वापरलेली गाडी तेथे नेली, तरी सांध्यांत शिरलेले क्षार ओल मिळताच गंज वाढवितात. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या ‘पद्मिनी’ या गाडीला स्वतंत्र सांगाडा नसतो. तळ, दारांखालचे पोकळ उंबरठे व छत मिळूनच भार पेलतात. त्यामुळे भोकांवर लांबी थापणे ही निव्वळ रंगसफेदी होय व ती धोक्याची असते. प्रथम बॅटरी, इंधनटाकी व आसने काढून दारांच्या चौकटींत तात्पुरते दांडे जोडतात. एरवी उंबरठा कापताच कवच वाकते आणि दारे बसत नाहीत. निरोगी धातू लागेपर्यंत पत्रा कापतात. अखंड वितळजोडाच्या उष्णतेने पातळ पत्रा मुरडतो, म्हणून दूरदूर टाके घालून मधली अंतरे आळीपाळीने भरतात. शेवटी सांध्यांवर जस्तयुक्त अस्तर देतात व उंबरठ्यांत मेण फवारतात. निचऱ्याची छिद्रे मात्र उघडी ठेवतात.