भित्या गाडीपाठी ब्रह्मराक्षस!

ब्रेकिंग न्यूज आहे मंडळी, आणि ती खरोखरच ब्रेकिंगची आहे!

रस्ता मोकळा. हवा स्वच्छ. स्पीकरवर आवडतं गाणं. आणि अचानक धाडकन ब्रेक! सीटबेल्ट छातीत रुतला, पाण्याची बाटली डॅशबोर्डवर आपटली. ब्रेक मारला कुणी? तुम्ही नाही, गाडीने. समोर काय होतं? काहीही नाही!

नव्या गाड्यांमध्ये ‘ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग’ असतं, थोडक्यात एईबी. रडार आणि कॅमेरा समोर बघत राहतात, धडक होणार असं वाटलं की गाडी स्वतःच ब्रेक दाबते. पण कधी कधी तिला भलतंच काहीतरी दिसतं. ड्रायव्हर मंडळींनी याला ‘फँटम ब्रेकिंग’ असं झकास नाव दिलंय. आजची आपली सफर याच भुताटकीची!

हत्ती की कॅन?

माहीत आहे का, कोल्ड्रिंकचा रिकामा कॅनसुद्धा गाडीला घाबरवू शकतो? हे आमचं नाही, खुद्द टेस्ला कंपनीचं म्हणणं! सप्टेंबर 2016 मध्ये आपल्या रडारबद्दल लिहिताना कंपनीने हे उदाहरण दिलं होतं. कॅनचा तळ आतल्या बाजूला वळलेला, वाटीसारखा असतो. तो नेमका गाडीकडे तोंड करून पडला, तर रडारच्या लहरी त्यावर आपटून जोरदार परततात. रडारला वाटतं, समोर काहीतरी भलंमोठं धूड आहे.

आता गंमत बघा. लाकूड आणि रंगवलेलं प्लास्टिक रडारला जवळजवळ काचेइतकंच पारदर्शक. आणि आपण माणसं? अर्धवट पारदर्शक! म्हणजे रडारच्या दरबारात आपल्यापेक्षा भंगारातल्या डब्याला मान जास्त.

हे रडार साधारण 77 गिगाहर्ट्‌झवर चालतं. त्याच्या लहरीची लांबी किती? जेमतेम 4 मिलिमीटर!

पूल दिसला, दे ब्रेक

बऱ्याच जुन्या रडारना अंतर कळतं, वेग कळतो, पण उंची नीट कळत नाही. चढावर असताना लांबचा पूल किंवा रस्त्यावरची कमान ‘डोक्यावर’ आहे की ‘समोर’, यात त्यांचा हमखास घोळ होतो.

माहीत आहे का, यावरून अमेरिकेत केवढा गाजावाजा झाला? 2019 मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, निसान रोग या गाडीची चौकशी सुरू केली. 2017 आणि 2018 च्या मॉडेलच्या साडेपाच लाखांहून जास्त गाड्या तिच्या कक्षेत होत्या. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण? रेल्वे फाटकं, पूल आणि खाली लोंबणारे ट्रॅफिक सिग्नल! गाडीचं नाव ‘रोग’, आणि रोग जडला तो रेल्वे फाटकाचा.

फोर्डची तऱ्हा निराळी. 2015 मध्ये एफ-150 पिकअपच्या सुमारे 37,000 गाड्या परत बोलावल्या गेल्या. कारण? उंच, चकाकणाऱ्या ट्रकला ओव्हरटेक करताना क्रूझ कंट्रोलच्या रडारला वाटायचं की ट्रक आपल्याच लेनमध्ये आहे. मग ब्रेक! लेन रिकामीच. (आपल्याकडचे चकचकीत दुधाचे टँकर आठवले ना?)

त्याच वर्षी होंडाने अक्युरा या आपल्या महागड्या ब्रँडच्या काही गाड्या माघारी घेतल्या. त्या लोखंडी कुंपणाला आणि रस्त्याकडेच्या गार्डरेलला अडथळा समजत होत्या. कुंपणानेच शेत खाल्ल्याचं ऐकलं होतं, इथे कुंपणाने गाडी थांबवली!

उडी मारली, गणित चुकलं

हा आमचा सगळ्यात लाडका किस्सा. व्होल्वो ही स्वीडनची कंपनी. तिकडच्या रस्त्यांवर मूस नावाचा दांडगा सांबरवर्गीय प्राणी आडवा येतो, म्हणून तिने मोठे प्राणी ओळखणारी यंत्रणा बनवली. मूस ओळखला, हरीण ओळखलं, सगळं छान.

मग गाडी गेली ऑस्ट्रेलियाला. समोर आला कांगारू.

माहीत आहे का, कांगारूने व्होल्वोचं डोकं कसं फिरवलं? जनावर किती लांब आहे, हे यंत्रणा जमिनीच्या संदर्भाने ठरवायची. कांगारू हवेत असला की लांब वाटायचा, खाली टेकला की जवळ. पुन्हा उडी, पुन्हा लांब! 2017 मध्ये कंपनीने ही अडचण जाहीर कबूल केली. त्याआधी 2015 मध्ये तिचे इंजिनिअर कॅनबेराजवळच्या टिडबिनबिला अभयारण्यात कांगारूंचं शूटिंग करत बसले होते. कॅमेऱ्याने हो, बंदुकीने नाही!

चांदोमामा, सिग्नल आणि बर्गर

जुलै 2021. एका टेस्लाने आकाशातला पिवळसर चंद्र पाहिला आणि त्याला पिवळा सिग्नल समजून वेग कमी करायला सुरुवात केली. व्हिडिओ व्हायरल झाला. कवी लोक चंद्राला काय काय म्हणाले, पण ट्रॅफिक सिग्नल? ही कल्पना पहिलीच.

नियमाने सांगायचं तर ही एईबीची नाही, कॅमेऱ्याने सिग्नल ओळखण्याची चूक. पण भूत तेच, फक्त झाड वेगळं.

आणखी एक. 2020 मध्ये एका टेस्लाने बर्गर किंगच्या पाटीला ‘स्टॉप’ची पाटी समजून ब्रेक लावायला घेतला. बर्गर किंग कंपनी रागावली का? छे! तिने त्यावर झटपट जाहिरातच काढली. फुकटची पब्लिसिटी कोण सोडतो?

आता जरा सिरियस गंमत. माहीत आहे का, जाहिरातीच्या डिजिटल फलकावरूनही गाडी थांबवता येते? इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये हे दाखवून दिलं. चालू जाहिरातीत त्यांनी फक्त अर्ध्या सेकंदासाठी ‘स्टॉप’चं चिन्ह घुसवलं. माणसाच्या ते लक्षातही येणार नाही. ऑटोपायलटवरची टेस्ला मात्र थांबली! रस्त्यावर प्रोजेक्टरने माणसाचं चित्र पाडलं, तर गाडीने त्यालाही खरा माणूस मानलं.

फ्लॅशबॅक

गाडीत रडार ही कल्पना कधीची असेल? 2000 सालची? चूक! 1959 मध्ये कॅडिलॅकने ‘सायक्लोन’ नावाची रॉकेटछाप प्रदर्शनी गाडी आणली होती. तिच्या नाकाडावर दोन काळे शंकू, आणि त्यात रडार. रस्त्यावर मात्र बराच उशीर झाला. 2003 मध्ये जपानमध्ये होंडा इन्स्पायर धडकेपूर्वी स्वतः ब्रेक लावू लागली, 2008 मध्ये व्होल्वोची एक्ससी60 शहरी ट्रॅफिकमध्ये थांबायला शिकली.

रातोरात भित्री

एका अपडेटने गाडी एका रात्रीत भित्री होऊ शकते का? होऊ शकते! ऑक्टोबर 2021 मध्ये टेस्लाने ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’च्या बीटा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पाठवली आणि गाड्या कारण नसताना ब्रेक मारू लागल्या. कंपनीने ती घाईघाईने मागे घेतली. रिकॉलचा कागदोपत्री आकडा: 11,704 गाड्या. गॅरेजला किती गेल्या? एकही नाही, सगळा उपचार इंटरनेटवरून!

पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये एनएचटीएसएने टेस्लाच्या सुमारे 4,16,000 गाड्यांची चौकशी सुरू केली, तेव्हा नऊ महिन्यांत 354 तक्रारी आल्या होत्या. जूनपर्यंत आकडा 758! त्याच फेब्रुवारीत होंडाच्या सीआर-व्ही आणि अकॉर्डवरही चौकशी बसली, 278 तक्रारींवरून. 2024 मध्ये तिची व्याप्ती सुमारे 30 लाख गाड्यांपर्यंत पोहोचली.

आकडे ऐकून घाबरू नका. तक्रार म्हणजे अपघात नव्हे. पण प्रत्येक वेळी नुसती बाटलीच आपटते असंही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर एक टेस्ला लेन बदलून एकदम मंदावली. तिच्यासह आठ गाड्यांची माळ लागली, नऊ जण जखमी झाले. सेल्फ-ड्रायव्हिंग चालू होतं, असं चालकाने पोलिसांना सांगितलं.

मग भूत दिसेनासं करा की!

इथेच खरी मेख आहे. थोडं थांबून वाचा.

गाडीला सांगितलं की ‘उगाच घाबरू नकोस, आधी खात्री कर’, तर ती खऱ्या संकटातही खात्रीच करत बसते. मार्च 2018 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली, त्यात तिचा जीव गेला. चौकशीत काय निघालं? रडारला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण ही गाडी आहे, सायकल आहे की आणखी काही, यातच यंत्रणा अडकली. शिवाय खोटे ब्रेक लागू नयेत म्हणून धोका दिसल्यावरही एक सेकंद काहीच न करण्याची सोय मुद्दाम ठेवलेली होती. गाडीचं मूळचं, व्होल्वोचं एईबी तर चाचणीदरम्यान बंदच असायचं.

एक सेकंद म्हणजे किती? ताशी 100 किलोमीटरला जवळपास 28 मीटर.

म्हणून आमचा कौल सरळ आहे: दोन्हींपैकी एक निवडायचं झालं, तर थोडी भित्री गाडी परवडली. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेचा अभ्यास सांगतो की ऑटो-ब्रेक असलेल्या गाड्यांकडून पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. निम्म्यावर!

ब्रेक न मारण्याची परीक्षा

माहीत आहे का, आता गाड्यांना ‘काही न करण्याचा’ पेपरही द्यावा लागणार आहे? अमेरिकेने 2024 मध्ये ठरवलेल्या नियमानुसार सप्टेंबर 2029 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये एईबी हवं. त्याच नियमात दोन मजेशीर चाचण्या आहेत. पहिली, खड्ड्यावर टाकतात तशा लोखंडी प्लेटवरून जाणं. दुसरी, दोन उभ्या गाड्यांच्या मधून निघून जाणं. दचकून जोरात ब्रेक मारला की नापास! युरोपात तर जुलै 2024 पासूनच प्रत्येक नव्या कारमध्ये एईबी सक्तीचं आहे.

आणि आपल्याकडे?

2020 मध्ये एईबीसह एमजी ग्लॉस्टर आली, 2021 मध्ये ॲस्टर आणि आपल्या चाकणला बनणारी महिंद्रा एक्सयूव्ही 700. मग ‘अडास’ (चालकाला मदत करणाऱ्या अशा यंत्रणांचं एकत्रित नाव) हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला. मार्च 2025 मध्ये केंद्राने बस आणि ट्रकसाठीही या यंत्रणेच्या नियमाचा मसुदा काढला.

पण आपल्या रस्त्यावर खोटं काय आणि खरं काय? रिक्षा वीतभर अंतरावरून कट मारते, गाडी ब्रेक लावते, आणि आपण म्हणतो सिस्टीम खराब! अहो, तिने बरोबरच पाहिलं. वीतभर अंतराची सवय आपल्याला आहे, तिला नाही. त्यामुळे पेठेत, बाजारात ही यंत्रणा बंद करून ठेवणारे पुष्कळ आहेत. हायवेवर मात्र तसं करणं हा शुद्ध वेडेपणा.

आता गाडीच्या नाकाकडे या. माहीत आहे का, ग्रिलवरचा तो चकचकीत लोगो बऱ्याच गाड्यांत धातूचा नसतोच? मागे रडार बसलेलं असतं, आणि जाड धातू त्याच्या लहरी अडवतो. म्हणून लोगो प्लास्टिकचा, आणि धातूची झळाळी आणायला त्यावर इंडियमचा अतिपातळ थर, जो लहरींना वाट देतो. एवढा खटाटोप केलेल्या जागेवर आपण काय लावतो? स्टिकर, लोखंडी बुलगार्ड, नाहीतर दसऱ्याला झेंडूचा घसघशीत हार! हार घाला हो, पण पूजा झाली की रडारसमोरून काढून ठेवा.

मॅन्युअल उघडलंच, तर ‘विनाकारण ब्रेक लागू शकतो’ अशा प्रसंगांची यादी नक्की वाचा. भलतीच करमणूक आहे: वाफेचा लोट, टोलनाक्याचा दांडा, पुढच्या गाडीने उडवलेलं पाणी, ऑटोमॅटिक कार वॉशचे ब्रश. वॉशिंगला किंवा टोइंगला गाडी देताना सिस्टीम बंद करायला सांगितलेलं असतं. आणि ब्रेक उगाच लागलाच, तर बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर ठामपणे दाबला की तो सुटतो. तुमच्या गाडीत कसं आहे, तेवढं आजच बघून ठेवा.

शेवटची टिप, अडास नसलेल्यांसाठी. पुढच्या गाडीवर ‘अडास’चा बिल्ला दिसला तर नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. ब्रेक तिने भुताला पाहून मारलेला असो वा म्हशीला पाहून, मागून ठोकलीत तर बंपरची पावती बहुतेक तुमच्याच नावाने फाटणार!