बर्फ राखला, नोंद राहिली काय?

वैशाखात गोंडपिपरीच्या लग्नघरी बर्फाची लादी आली, की ती लाकडाच्या भुशात ठेवून वर ओले गोणपाट घालतात. सायंकाळी ती निम्मी उरली तरी यजमानास समाधान वाटते; कारण त्याला हवा असतो तो केवळ गारवा. परंतु ज्या बर्फाचे मोल गारव्यात नसून त्यात साठलेल्या इतिहासात आहे, तो कसा राखावा?

हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावर छिद्रे घेऊन काढलेले हिमस्तंभ तेथे उणे २० अंश सेल्सिअस तापमानात साठविले जातात. वर्षानुवर्षे पडणारे हिम थरावर थर दाबले जाऊन हा बर्फ बनतो. ज्वालामुखींचे गंधकाम्ल, समुद्रावरील क्षार, धूळ आणि प्राचीन हवेचे बुडबुडे त्यात बंदिस्त होतात. त्यांतील कित्येक द्रव्ये अत्यल्प असतात. म्हणून स्तंभाचा बाहेरचा थर खरवडून आतला गाभाच तपासतात. उघड्या हाताचा घामसुद्धा येथे खोटी साक्ष देऊ शकतो.

तथापि बर्फ वितळला नाही म्हणजे नोंद सुरक्षित राहिली, असे नव्हे. सागरी सूक्ष्म वनस्पतींपासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूतून मिथेनसल्फोनिक आम्ल तयार होते. त्यावरून पूर्वीच्या सागरी बर्फाचा विस्तार अजमावता येतो. हे आम्ल घन बर्फातूनही सरकते आणि दीर्घ साठवणीत कापलेल्या कडांतून निसटते. स्तंभ अखंड दिसतो. साक्ष मात्र पुसट होते.

आणि यंत्रच बिघडले तर? एप्रिल २०१७ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात शीतयंत्रणा बिघडली आणि साठ्यातील सुमारे एक-अष्टमांश बर्फ नष्ट झाला. जगभरच्या हिमनद्या आटत असताना असे नमुने पुन्हा कोठून आणावयाचे?

यावर मार्ग आहेत. निसटणाऱ्या द्रव्यांचे मापन प्रथम करावे, नमुन्याचा एक भाग दुसऱ्या ठिकाणी ठेवावा, आणि तो कधी कापला, किती अंशांत राहिला, याची नोंद त्याच्यासोबतच असावी. ध्रुवावर निघालेल्या मोहिमेचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते. शीतगृहात रात्रपाळीला तापमान टिपणाऱ्याचे झळकत नाही. वास्तविक मोहिमेचे सार्थक त्याच्याच हाती असते. कागद कपाटात असणे आणि त्यावरील शाई वाचता येणे या भिन्न गोष्टी आहेत, हे दप्तर सांभाळणाऱ्या कोणत्याही कारकुनास सांगावे लागत नाही.