एक च, दोन उच्चार

पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात कुणी ‘चार बैलांना चारा’ म्हणालं, तर त्यात दोन वेगळे च ऐकू येतात. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य, म्हणजे ‘त्स’कडे झुकणारा. लिपी मात्र दोघांना एकच अक्षर देते. पश्तो आणि चेकमध्येही हे दोन्ही ध्वनी आहेत. पण पश्तोत त्यांना स्वतंत्र अक्षरं, तर चेकमध्ये ‘त्स’साठी साधा ‘सी’ आणि ‘च’साठी डोक्यावर खूण असलेला. आपली लिपी इथे जरा कंजूषच.

तिन्ही भाषा इंडो-युरोपीय. म्हणून ४ या अंकासाठी चेक ‘च्तिर्झी’ म्हणतात, पश्तोभाषक ‘त्सलोर’. जतच्या सीमेवरच्या गावांत शेजारी ‘नाल्कु’ म्हणतो, कारण कन्नड द्राविड कुळातली. शेजार आणि नातं वेगळं!

व्याकरणात नाती आणखी गुंततात. ‘त्याने भाकरी खाल्ली’ यात क्रियापद भाकरीच्या लिंगाप्रमाणे चालतं. पश्तोतही भूतकाळात ते कर्मामागे जातं. चेकमध्ये ते खाणाऱ्याप्रमाणे बदलतं. लिंगं मात्र मराठी आणि चेकमध्ये तीन, पश्तोत दोनच.