गोचिडीची जात ओळखून उपाय करा

गाईच्या अंगावर औषध मारले आणि पंधरवडा उलटण्याच्या आत गोचिडी पुन्हा दिसू लागल्या, म्हणजे औषधच खोटे, अशी तक्रार शेतकरी बंधू वारंवार करतात. पुष्कळ वेळा दोष औषधाचा नसून, गोचीड कोणत्या जातीची हे न पाहता केलेल्या उपायाचा असतो.

रक्त पिऊन फुगलेली मादी कोणत्याही जातीची असो, एरंडाच्या बीसारखीच दिसते. म्हणून पोट न पाहता तोंड व पाय पाहावेत; साधे भिंग पुरे. तोंड आखूड, वरून जेमतेम दिसणारे आणि पाय बारीक, फिकट असतील, तर ती ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस (पूर्वीचे नाव बूफिलस) होय. तोंड लांब, पुढे आलेले, अंग गडद तपकिरी आणि पायांवर फिकट पट्टे असतील, तर ती हायलोमा समजावी. कास व शेपटीखालचा भाग हिला विशेष मानवतो.

दोघींची राहणी अगदी निराळी. मायक्रोप्लस गुरावर एकदा चढली की सुमारे ३ आठवडे तेथेच वाढते. फुगलेली मादी तेवढी अंडी घालण्यास खाली पडते. तिच्यावर मुख्य मारा गुराच्या अंगावरच करावा लागतो. हायलोमा मात्र मधूनच उतरून, कात टाकण्यासाठी भिंतीच्या भेगांत व गव्हाणीच्या फटींत दडते. गाय स्वच्छ केली आणि भिंत तशीच ठेवली, तर शत्रू घरातच राहिला! भेगा लिंपून बुजवाव्यात. गोठ्यात फवारणी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावी.

जुन्नर-आंबेगावचा नाणेघाट-भीमाशंकरकडील पट्टा अतिपावसाचा, बेल्ह्याकडील मुलूख कोरडा. दमट हवा मायक्रोप्लसला मानवते, हायलोमा कोरड्यातही तगते. तरीही गावावरून जात ठरवू नये. बाजारातून आणलेल्या बैलाबरोबर कोणतीही गोचीड येऊ शकते. असे जनावर तपासल्यावाचून दावणीस बांधू नये.

मायक्रोप्लस बबेसिया रोगाचे जंतू अंड्यांवाटे पुढच्या पिढीस देते. ह्या रोगात लघवी तांबडी होते. हायलोमा थायलेरियाचा ताप आणते आणि त्यात संकरित गाई व वासरे लवकर दगावतात. जोराचा ताप व खांद्यापुढील गाठ सुजलेली दिसताच गोचिडी वेचीत न बसता पशुवैद्यकास बोलवावे.

गोचीड बोटांनी चिरडू नये. २०११ साली गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाने माणसे दगावली. त्याचे विषाणू मुख्यतः हायलोमा वाहते. चिमट्याने काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी.