मण्यांमधला धागा

मातीत पुरलेले मडके हजारो वर्षे टिकते, दगडी हत्यार टिकते, पुष्कळदा हाडेही टिकतात. कापड मात्र सहसा उरत नाही. मग जुन्या काळी माणसे काय ल्यायली, काय नेसली, हे कसे कळायचे?

सोळाव्या-सतराव्या शतकांत जर्मनीतील राजघराण्यांत मृत व्यक्तीला उंची पोशाख घालून चर्चच्या तळघरात ठेवीत. तेथील लग्ने घराण्यांच्या सोयीने ठरत. हुंडा किती, वैधव्य आल्यास उत्पन्न कोणते, याचे लेखी करार होत. त्यामुळे या स्त्रियांची नावे आणि तारखा आपल्याला ठाऊक आहेत. नॉयबुर्ग घराण्यातील डोरोथिया साबिना १५९८ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी वारली. लाउइंगेनच्या तळघरातून मिळालेला तिचा झगा आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे.

अशा शवपेट्यांत एक गंमत आढळते. रेशीम उरते, पण जवसाच्या धाग्याचे अस्तर आणि शिवण नाहीशी होते. रेशीम हे प्रथिन, तर जवस व कापूस म्हणजे सेल्युलोज. आम्लधर्मी ओलाव्यात सेल्युलोज लवकर नष्ट होते.

आपल्याकडे दहनाची चाल. पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंचे उत्तरायुष्य नाशिकजवळ गंगापूरला गेले, पण त्यांचे लुगडे कोणत्या थडग्यात सापडणार नाही. त्यासाठी कागदपत्रेच चाळावी लागतात. मात्र त्याहून खूप आधी, ताम्रपाषाण युगात, येथेही मृतांना पुरत असत.

एकलहऱ्यावरून गोदावरी पुढे वाहत जाते आणि प्रवरासंगमला तिला प्रवरा मिळते. या प्रवरेच्याच काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून तेथे उत्खनन केले. तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथील लोक लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखाली पुरत. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत धागा शिल्लक होता! वस्त्रतंतूंचे जाणकार ए. एन. गुलाटी यांनी तो तपासला. त्यात रेशीम होते आणि कापूसही.

इथे कापूससुद्धा का टिकला? तांबे ओलाव्याने गंजते, त्याचे क्षार धाग्यात झिरपतात आणि बुरशी व जीवाणूंना वाढू देत नाहीत. आपले द्राक्ष बागायतदार मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, तेही याच गुणासाठी. हडप्पा येथील चार हजार वर्षांहून जुने रेशीमही तांब्याच्या दागिन्यातच मिळाले. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले.

यातून एक सावधगिरी शिकावी. माळ मातीच्या मण्यांची असती, तर धागा गेला असता, आणि नेवाशाला रेशीम माहीत नव्हते असे आपण खुशाल लिहिले असते. ‘सापडले नाही’ म्हणजे ‘नव्हते’ असे नाही. डोरोथियाचे नाव कागदाने राखले. नेवाशाच्या त्या मुलाचे नाव कोणी लिहिले नाही. पण कोणीतरी त्याच्यासाठी रेशमात मणी ओवले होते, एवढे तांब्याने सांगितले.

करून पाहा : सुती दोऱ्याचे दोन सारखे तुकडे घ्या. एकाभोवती वेष्टन काढलेली तांब्याची तार घट्ट गुंडाळा. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कुंड्यांत, एकाच प्रकारच्या ओलसर मातीत पुरा. तीन महिन्यांनी उकरून, ओढून पाहा. कोणता आधी तुटतो? विद्यार्थ्यांना अंदाज मात्र आधीच लिहायला सांगा.