रायफल, काटकसर आणि कर्तव्य

आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस शिकारीच्या रायफलीवर काय बोलणार? (हशा) शंका रास्त आहे. मी आयुष्यात एकदाही चाप ओढलेला नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा मी बोलतो आहे ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याबद्दल. तिथे शिकार कायदेशीर आहे, हंगाम आणि परवाने ठरलेले आहेत. माझा पुतण्या तिथे राहतो. त्याच्याकडे मी काही महिने होतो, तेव्हा त्याच्या शेजाऱ्यांनी गॅरेजमध्ये स्वतःपुरती एक रायफल जुळवायला घेतली होती. ते निवृत्त शाळामास्तर, मी निवृत्त प्राध्यापक. दोघांनाही वेळच वेळ!

त्यांना शिकार करायची होती एल्कची. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं मोठं हरिण, नर 300 किलोच्या आसपास भरतो. खिशात होते दीड हजार डॉलर. नामांकित कारागिराकडून रायफल करून घ्यायची तर याच्या कितीतरी पट पैसे लागतात. मी विचारलं, ‘मग दुकानातली तयार का घेत नाही?’ तर ते गप्प झाले. मग सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांनी उसनी रायफल नेली होती. दस्ता त्यांच्या हाताला लांब, धक्का जबर. गोळी झाडताना खांदा आखडला आणि एल्कच्या पोटाला लागली. दोन दिवस ते रक्ताच्या मागावर चालले. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला, माग पुसला गेला. ‘तो कुठे आणि कसा मेला, मला माहीत नाही,’ म्हणाले.

आता आपला प्रश्न नीट मांडता येतो. पैसे कमी असताना काटकसर कुठे करावी, एवढाच तो प्रश्न नाही. आपल्या काटकसरीची किंमत कोण मोजतं, हाही आहे. ती जनावर मोजणार असेल, किंवा शेजारी उभा असलेला माणूस, तर तिला काटकसर म्हणता येईल का?

रायफलीचा गाभा म्हणजे अॅक्शन. बोल्ट, आणि तो ज्यात पुढेमागे सरकतो ती पोलादी चौकट. काडतूस फुटतं तेव्हाचा सगळा दाब इथेच पेलला जातो, आणि त्याच्यामागे काही इंचांवर माणसाचा डोळा असतो. मास्तरांनी एका प्रदर्शनात स्वस्तात जुनी लष्करी स्प्रिंगफील्ड 1903 घेतली. असल्या लष्करी रायफलींच्या शिकारी रायफली करायची अमेरिकेत मोठी परंपरा आहे. ते ती गावातल्या परवानाधारक बंदूक-कारागिराकडे घेऊन गेले. त्यानं फक्त क्रमांक पाहिला आणि म्हणाला, ‘भिंतीवर टांगा. हिला मी हात लावणार नाही.’

कारण ऐकण्यासारखं आहे. स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या 8,00,000 च्या खालच्या आणि रॉक आयलंड कारखान्यातल्या 2,85,507 च्या खालच्या क्रमांकांची पोलादी चौकट ठिसूळ निघू शकते. त्या काळी भट्टीतलं पोलाद किती तापलं, हे कसलेले कारागीर रंग पाहून ठरवत. 1917 मध्ये काही रायफली फुटल्या, तेव्हा चौकशी झाली. उष्णतामापक लावल्यावर कळलं, की लख्ख उन्हाच्या दिवशी तोच ‘योग्य’ रंग दिसायला पोलाद ढगाळ दिवसापेक्षा 300 अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेलं असे. उजेडात लाली फिकी दिसते ना! आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्षाला प्रमाण म्हणताना ते अव्यभिचारी असावं, अशी अट आहे. वर्गात मी दोरी आणि सापाचं उदाहरण देत असे. आता वाटतं, हे भट्टीचं दिलं असतं तर पोरं जागी राहिली असती! (हशा)

मास्तरांचे ते पैसे बुडाले. मग त्यांनी सॅव्हेज 110 ही वापरलेली रायफल घेतली. 1958 पासूनचं हे साधं मॉडेल. दिसायला ओबडधोबड, पण हिची नळी एका मोठ्या नटानं आवळलेली असते. त्यामुळे लेथवरचं महागडं काम टळतं, तयार नळी बसते. बसवताना सांभाळायचं ते हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस पुढे जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर. त्यासाठी दोन मापं असतात. ‘गो’ मापावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, ‘नो-गो’वर होताच कामा नये. हे काम मास्तरांनी त्याच कारागिराकडून करून घेतलं. इथे पैसे वाचवले नाहीत.

वाचवले कुठे? अक्रोडाचं देखणं लाकूड नाही, नक्षी नाही. साधा दस्ता घेऊन तो आपल्या हाताच्या मापाला कापला. त्याला खर्च जवळजवळ शून्य, आणि उसन्या रायफलीचा मुख्य दोष तोच होता. मोठं मॅग्नम काडतूस टाळलं. 1906 पासून चालत आलेलं .30-06 घेतलं. ते एल्कला पुरतं, धक्का सोसवतो आणि कुठल्याही दुकानात मिळतं. दुर्बीण साधी, पण तिची पकड मजबूत. उरलेले सगळे पैसे काडतुसांवर, सरावासाठी.

प्लेटो म्हणतो, बासरी कशी असावी हे बनवणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला जास्त कळतं. मापाची वस्तू म्हणजे महागडी वस्तू नव्हे. वापरणाऱ्यानं स्वतःला नीट ओळखून सांगितलेली वस्तू. आपला हात किती लांब, धक्का किती सोसतो, किती अंतरावर नेम खात्रीचा, हे त्यानं आधी मान्य करावं लागतं.

त्या हंगामात मास्तर रिकाम्या हातानं परतले. एल्क दिसला होता, पण 400 यार्डांवर. सरावात त्यांची खात्री होती 250 पर्यंतची. मी विचारलं, ‘वाईट वाटलं?’ ते म्हणाले, ‘वाटलं. पण या वेळी झोप लागली.’

इथेच थांबतो.