दुखणे माथ्यावर, मलमपट्टी पायथ्याला

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगरात उगम पावून पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा मार्ग काढीत मुठेला मिळणारा आंबील ओढा वर्षातील आठ महिने कोणाच्या खिजगणतीतही नसतो. पुलावरून कचेरीकडे लगबगीने निघालेल्या चाकरमान्याला त्याची आठवण होते ती नाकाला रुमाल लावण्यापुरती. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याने रौद्र रूप धारण केले. शहर व परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. कित्येकांचे संसार डोळ्यांदेखत वाहून गेले.

अशा आपत्तीनंतर आपली चर्चा ओढ्याच्या काठापाशी सुरू होते आणि काठापाशीच संपते. पात्रात झोपड्या आहेत, त्या हटवा, असा सोपा निष्कर्ष काढला जातो. २४ जून २०२१ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळील वस्तीतील घरे पाडण्यास प्रारंभ झाला, रहिवाशांनी प्रतिकार केला आणि अखेर न्यायालयाच्या स्थगितीने ते काम थांबले. पात्रालगत राहणे धोक्याचे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की हा धोका निर्माण कोणी केला?

त्याचे उत्तर शाळकरी गणितात सापडते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होते. शंभर मिलिमीटर पडला, तर दहा लाख लिटर. गवत, झाडी व मुरमाड माती असलेल्या उतारावर यातील बराचसा भाग जमिनीत मुरतो, उरलेला सावकाश खाली येतो. त्याच उतारावर सिमेंटचे रस्ते, फरसबंद आवारे आणि गच्च्या झाल्या, की जवळजवळ सारे पाणी थोड्या वेळात ओढ्यात उतरते. पाऊस तेवढाच असतो. पूर मात्र वाढतो. वर पाण्याचा लोंढा वाढत असताना खाली पात्र भराव आणि भिंतींनी आवळले गेले, तर दुसरे काय होणार? वरच्या अंगाला ज्याने आवार फरसबंद केले, त्याच्या घरात पाणी शिरत नाही. ते शिरते खालच्या अंगाच्या मोलकरणीच्या, रिक्षाचालकाच्या खोलीत. दोष एकाचा आणि दंड दुसऱ्याला, असा हा न्याय आहे.

या ओढ्याचे मोल पूर्वजांनी ओळखले होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी नळाने शहरात आणले; गावातून वाहणारा ओढ्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशीही तळे केले. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. प्रवाह वळविणे हा निसर्गातील हस्तक्षेपच होता. पण त्याच्या जोडीला पाणी साठविण्याची, थोपविण्याची दृष्टी होती. आपण हस्तक्षेप तेवढा चालू ठेवला.

दुसरा धडा डोंगरापलीकडच्या पुरंदर तालुक्यातील आहे. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभारला. डोंगरमाथ्यापासून पाणी अडवायचे, आणि त्यातील वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचा. भूमिहीनालाही त्यात हक्क, हे त्याचे सूत्र होते. पाणलोट क्षेत्र म्हणजे नकाशावरील रेषा नसून तो परस्परांच्या बांधिलकीचा करार आहे, हे खेड्यातील माणसाला पटले. सुशिक्षित शहराला ते का पटू नये?

तेव्हा उपाययोजना माथ्यापासून व्हावयास हवी. टेकड्यांचे उतार आणि त्यांवरचे लहानमोठे ओघळ बांधकामापासून मुक्त राहिले पाहिजेत. नव्या इमारतींना घातलेली पर्जन्यजल-संधारणाची अट दाखल्यापुरती न राहता, ती यंत्रणा दर पावसाळ्यापूर्वी तपासली गेली पाहिजे. जुन्या सोसायट्यांनीही आवारातील थोडी जमीन मातीचीच ठेवावी. पात्रातील कुटुंबांना हलवावयाचेच असेल, तर आधी त्यांच्या कामधंद्याच्या टापूत पक्के घर द्यावे आणि मगच जुन्या घराला हात लावावा. तोही पावसाळ्यात नव्हे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न घालावा : आपल्या शाळेच्या गच्चीवर पडलेले पाणी कोठे जाते? त्या पाण्याचा माग काढीत मुले निघाली, तर ती अखेर कोणाच्या तरी उंबरठ्याशी पोहोचतील. ओढ्याकाठचा तो उंबरठा आपल्याच गावातला आहे, एवढे कळले तरी या नगराचे नागरिकशास्त्र त्यांना समजले असे म्हणता येईल.